ट्यूब न टाकताच पेशंट का आणता?

पहाटेचा_राउंड

मी आयसीयूमध्ये रेसिडेंट आहे, अजून तसा नवाच. प्रश्न ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या पॅरामेडिक मंडळींसाठी आहे, पण इतरांनी लिहिलं तरी हरकत नाही.

मध्यंतरी कॅज्युअल्टीत अपघाताचा एक पेशंट आला. वरचं बीपी ७० च्या आसपास, हाक मारली की डोळे उघडायचा, बोलणं असंबद्ध. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, श्वासनलिकेत घालायची ट्यूब नाही. हाताला जाड आयव्ही, पण सलाईन जवळजवळ बंदच. आमचे सीनियर वैतागले, "एवढा वेळ हातात होता आणि यांनी काहीच केलेलं नाही!" आणणारा पॅरामेडिक काही बोलला नाही. कागद दिला आणि स्ट्रेचर पुसायला लागला. नंतर माझ्या लक्षात आलं की बाइंडर (मोडलेला कटिभाग आवळून धरणारा पट्टा) अगदी योग्य जागी होता, कमरेवर नव्हे तर खाली खुब्याच्या हाडांवर. अंग गरम होतं. दंडावरच्या चिकटपट्टीवर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध दिल्याची वेळ लिहिलेली होती. त्यामुळे ते "काहीच नाही" मला पटेना.

आम्हाला शिकवलंय की ए म्हणजे एअरवे (श्वासमार्ग) आणि तो सगळ्यात आधी. मग तुम्ही ट्यूब का टाळता? सराव नसतो म्हणून, वेळ नसतो म्हणून, की मुद्दाम? टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतोय.

सायरन_बंद

मुद्दाम. निदान तुम्ही वर्णन केलेल्या पेशंटमध्ये तरी मुद्दामच.

माझी ओळख एवढीच की बरीच वर्षं ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक आहे. आधी फक्त कॉलवर जायचो, आता एका आयसीयूतून दुसऱ्या आयसीयूत शिफ्टिंगही करतो, त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजू थोड्याफार दिसतात. तुमचा पेशंट मी पाहिलेला नाही, पण आणणाऱ्याने डोकं ठिकाणावर ठेवून काम केलेलं दिसतंय.

बीपी ७० वर असलेला माणूस नुसत्या ॲड्रिनॅलिनच्या जोरावर टिकून असतो. स्वतःच्या शरीराच्या, आपण दिलेल्या नव्हे. शिरा आवळलेल्या, हृदय धावतंय, उरलंसुरलं रक्त मेंदूकडे ढकललं जातंय. त्याला ट्यूबसाठी औषध देऊन झोपवलंत की तो जोर उतरतो. मग व्हेंटिलेटर किंवा अंबू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) हवा आत दाबायला सुरुवात करता. नैसर्गिक श्वासात छाती रक्त आत ओढून घेते, इथे उलट होतं, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी होतं. ट्यूब बरोबर जागी, कॅप्नोग्राफचा (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राचा) आलेख सुंदर, आणि पल्स गायब. तुमच्याकडे अशा वेळी रक्ताच्या पिशव्या, दोन डॉक्टर आणि शेजारी ऑपरेशन थिएटर असतं. माझ्याकडे एक सहकारी आणि हलती गाडी. पेशंट स्वतः श्वास घेतोय, जबडा उचलला की घरघर थांबते, सॅच्युरेशन बरं आहे, तर त्या घडीला त्याचा एअरवे राखलेलाच आहे. ए म्हणजे एअरवे हे खरं, पण ए म्हणजे ट्यूब असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

शिवाय हल्ली क्रम बदलला आहे. धो धो बाहेर वाहणारं रक्त दिसलं तर आधी ते थांबवायचं, मग एअरवे.

सलाईनचं तसंच. बुडाला भोक असलेल्या घागरीत पाणी ओतून ती भरत नाही, उलट आत होतं तेही पातळ होतं. सलाईनमध्ये ना ऑक्सिजन वाहणाऱ्या पेशी, ना गोठवणारे घटक. गाडीतल्या तापमानाचं असेल तर पेशंटला गार करतं ते वेगळंच. दाब वाढवला की नुकतीच धरलेली गुठळी सुटते. ह्यूस्टनमधला १९९४ चा अभ्यास तुमच्या सीनियरांना माहीत असेल. धडाला भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमा आणि कमी बीपी. सलाईन लगेच दिलेल्यांपैकी ६२ टक्के वाचले, ऑपरेशनपर्यंत थांबवलेल्यांपैकी ७०. म्हणून आम्ही मनगटाची पल्स लागेल किंवा पेशंट बोलत राहील एवढंच थोडं थोडं देतो आणि गाडी पळवतो. अपवाद डोक्याच्या माराचा. तिथे वरचं बीपी एकदाही ९० च्या खाली गेलं तर मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट होतो, हे १९९३ पासून छापील आहे. त्यामुळे असंबद्ध बोलणारा तुमचा पेशंट अवघड होता. त्याचा मेंदू मार लागल्यामुळे गोंधळलाय की रक्त पोचत नाही म्हणून, हे रस्त्यावर ठरवायचं आणि त्यावर बीपी किती राखायचं ते ठरवायचं. माझ्या मते आमच्या कामातला सगळ्यात कठीण भाग हा आहे. ट्यूब टाकणं त्यामानाने सोपं.

अंग गरम होतं हे तुम्ही टिपलंत याचं मला कौतुक वाटलं. कपडे कापून जखमा बघायच्या आणि लगेच झाकायचं, गाडीतला हीटर आम्हाला घाम फुटेपर्यंत चालू ठेवायचा. थंड रक्त गोठत नाही, आम्लता वाढलेलं रक्त गोठत नाही, आणि न गोठणारं रक्त वाहत राहून पेशंटला आणखी थंड करतं. हे चक्र एकदा फिरलं की तुमचे सर्जन कितीही हुशार असोत. ब्लँकेट मात्र कुठल्याच चार्टवर "ट्रीटमेंट" म्हणून चढत नाही.

ट्रॅनेक्झॅमिकची वेळ लिहिण्याचं कारण क्रॅश-२. २०१० चा अभ्यास, ४० देश, २० हजारांहून जास्त पेशंट. पहिला १ ग्रॅम १० मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम ८ तासांत. मारानंतर तीन तासांच्या आत फायदा, जितकं लवकर तितका जास्त. तीन तासांनंतर उलट नुकसान. म्हणजे पहिला डोस आमचा आणि दुसरा तुमचा, मधला धागा ती चिकटपट्टी.

लॅरिंगोस्कोप

मी भूलतज्ज्ञ. सायरन_बंद यांचं बरंचसं मान्य, पण "ट्यूब नको" हा आता फॅशनेबल सूर झालाय, त्याला थोडा ब्रेक लावतो.

डोक्याला मार लागून गाढ बेशुद्ध असलेल्यांवर दोन कामं वाचा. सॅन डिएगोत पॅरामेडिकनी औषधं देऊन ट्यूब टाकल्या तेव्हा मृत्यू वाढले. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियामधल्या, २०१० साली छापलेल्या अभ्यासात पॅरामेडिकनीच तसंच केलं, तर सहा महिन्यांनी बऱ्या अवस्थेत असलेले ५१ टक्के निघाले, हॉस्पिटलात पोचल्यावर ट्यूब टाकलेल्या गटात ३९. प्रक्रिया तीच. सॅन डिएगोच्या नोंदी तपासल्या तर ट्यूब टाकताना सॅच्युरेशन कोसळलेलं आणि नंतर बॅग फार जोरात दाबली गेलेली दिसली. कार्बन डायऑक्साइड खूप उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे ट्यूबवर खापर फोडण्यात अर्थ नाही, आधीची आणि नंतरची पाच मिनिटं बघायला हवीत.

सायरन_बंद

@लॅरिंगोस्कोप सर, वाद नाहीच. व्हिक्टोरियातले ते पॅरामेडिक खास प्रशिक्षण घेतलेले होते आणि कॅप्नोग्राफ वापरत होते. तशी टीम असेल तर टाकावी. माझा राग ट्यूबवर नाही, ट्यूबला शौर्यपदक समजण्यावर आहे. लांबचा प्रवास, उलट्या, जबडा उचलूनही न सुटणारा एअरवे, तिथे मीही टाकतो. पण आधी बीपी सावरतो, सक्शन चालू करून उशीजवळ ठेवतो, आणि जमलं नाही तर पुढे काय हे सहकाऱ्याला मोठ्याने सांगतो. आलेख सपाट आला तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असंच धरायचं. "मला व्होकल कॉर्ड दिसल्या होत्या" हे वाक्य मी ऐकून घेत नाही.

हृदय बंद पडलेल्यांचं वेगळं. इंग्लंडमध्ये ९ हजारांवर पेशंटवर एअरवेज-२ हा अभ्यास झाला. पॅरामेडिकनी ट्यूब टाकायची की नुसतं आय-जेल (श्वासनलिकेच्या तोंडावर बसणारं साधं उपकरण) बसवायचं? २०१८ मध्ये निकाल आला, चांगल्या अवस्थेत वाचणाऱ्यांत फरक नाही. तेव्हापासून मी तिथे आय-जेल बसवतो आणि वाचलेलं लक्ष छाती दाबणाऱ्याच्या हातांवर ठेवतो.

साधा_वाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण धागा वाचतोय. एक विचारू का? आमच्या नात्यातल्या एकांचं हृदय बंद पडलं तेव्हा ॲम्ब्युलन्स लवकर आली, पण ते लोक घरातच अर्धा तास छाती दाबत बसले. सगळे ओरडत होते, हॉस्पिटलला न्या म्हणून. का नेलं नाही? ते गेले. दोष देत नाही, पण डोक्यातून जात नाही.

सायरन_बंद

वाईट वाटलं वाचून. जमिनीवर गुडघे टेकून दाबणारा मी अनेकदा असतो आणि मागून तोच ओरडा ऐकू येतो, म्हणून नीट सांगतो.

हृदय बंद पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जे उपयोगी असतं ते बहुतेक सगळं आमच्या बॅगेत असतं. दाबणारे हात, शॉक, ऑक्सिजन, ॲड्रिनॅलिन. हॉस्पिटलात त्या घडीला यापेक्षा वेगळं फारसं होत नाही. आणि उचलायचं म्हटलं की दाबणं थांबतं. जिन्यात थांबतं, स्ट्रेचर गाडीत चढवताना थांबतं, वळणावर हात घसरतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मध्ये छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे धावत्या गाडीत करून बघा, उभं राहणंच मुश्किल. दाबणं थांबल्याबरोबर मेंदूकडचा प्रवाह थांबतो आणि पुन्हा सुरू केल्यावर तो लगेच पहिल्यासारखा होत नाही, काही दाब त्यातच जातात. उत्तर अमेरिकेतल्या नोंदींवरून २०२० मध्ये सारख्या स्थितीतल्या पेशंटची तुलना झाली. सीपीआर चालू असताना उचलून नेलेल्यांपैकी ४ टक्के घरी परतले, जागेवरच उपचार चालू ठेवलेल्यांपैकी साडेआठ.

आता ॲड्रिनॅलिनची गोष्ट निघालीच आहे तर, पॅरामेडिक-२ हा ब्रिटनमधला अभ्यास आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. ८ हजार पेशंट, निम्म्यांना ॲड्रिनॅलिन, निम्म्यांना नुसतं सलाईन. महिन्याने जिवंत असलेले ३.२ विरुद्ध २.४ टक्के. पण वाचलेल्यांमध्ये मेंदूची गंभीर हानी झालेले ३१ विरुद्ध जवळपास १८. मी आजही देतो, नियमाप्रमाणे देतो, पण इंजेक्शन भरायला म्हणून दाबणाऱ्याला थांबवत नाही. शॉक आणि छाती दाबणं यांच्या जवळपासही ते औषध येत नाही.

अपवाद आहेत. गरोदर बाई, खूप गारठलेला माणूस, किंवा शॉक देऊन देऊन न जाणारं फिब्रिलेशन (हृदयाची नुसती थरथर) आणि जवळ एक्मोची, म्हणजे शरीराबाहेरून रक्त फिरवणाऱ्या यंत्राची, सोय. तिथे आम्ही लवकर निघतो. बाकी तुमच्या नातलगाजवळ ते लोक अर्धा तास बसले, ते जेवढं करण्यासारखं होतं तेवढं करत होते. आम्ही पोचायच्या आधी घरातल्या कुणी छाती दाबली असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा. नसेल दाबली तरी त्यांना काही बोलू नका.

पहाटेचा_राउंड

खूप मिळालं. अजून एक. हँडओव्हरला, म्हणजे पेशंट ताब्यात घेताना, आम्ही काय चुकतो?

सायरन_बंद

ऐकायच्या आधी पेशंटला हात लावता! मी तोंड उघडलं की चार जण मॉनिटर बदलतात, एक जण कपडे ओढतो, आणि दहा मिनिटांनी कुणीतरी विचारतं, "हा सापडला कसा?" पेशंट श्वास घेतोय, पल्स आहे आणि कुठून रक्त उडत नाहीये, तर मला पाऊण मिनिट द्या. वय, वेळ, कसं लागलं, काय लागलं, आकडे, काय दिलं. सगळ्यांनी हात बाजूला ठेवून ऐकायचं.

कारण तुम्हाला पुन्हा कधीच मिळणार नाहीत अशा गोष्टी फक्त माझ्याकडे असतात. स्टीअरिंग वाकलं होतं का, शेजारच्या सीटवरचा जिवंत आहे का, खाटेखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं होती का, खोलीत शेगडी पेटलेली होती का. लकव्याच्या पेशंटला शेवटचं धड कुणी आणि किती वाजता पाहिलं. "सकाळी उठले तेव्हा असे होते" याचा अर्थ वेळ रात्री झोपल्यापासून मोजायची, आणि गुठळी विरघळवायच्या औषधाला सहसा साडेचार तासच असतात. (त्याआधी शुगर बघितली का, हे मलाही विचारा. शुगर उतरली की हुबेहूब लकवा दिसतो.) आणि सगळ्यात मोलाचा म्हणजे पहिला आकडा. तुमच्या नोंदीत जीसीएस (शुद्धीचे १५ पैकी गुण) ९ लिहिला जातो. मी पोचलो तेव्हा तो १४ होता, हे कळलं तर तुम्ही सीटीसाठी पळाल. ९ हा नुसता आकडा आहे, १४ वरून ९ म्हणजे डोक्यात काहीतरी वाढतंय.

आयसीयू म्हणजे एक वॉर्ड असं आपल्याला वाटतं, पण त्याची सुरुवात बघा ना. १९५२ ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ होती. श्वास देणारी यंत्रं पुरेनात तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेनने घशात ट्यूब बसवली आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांना पाळ्या लावून हाताने बॅग दाबायला बसवलं. १९६६ ला बेलफास्टमध्ये डॉक्टर पँट्रिजने हार्ट ॲटॅकचा विभाग गाडीत घालून घरापर्यंत नेला. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाऊस ही ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. डॉक्टर पीटर साफरने तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतली, आधी वैद्यकाशी संबंध नसलेली माणसं निवडून त्यांना इतकं शिकवलं की आजचे आम्ही सगळे त्यांचे वारस. भिंती नंतर आल्या.

पंप_अलार्म

आयसीयू नर्स आहे. दादा, शिफ्टिंगबद्दल लिहा ना. आमच्याकडून स्थिर निघालेला पेशंट समोर पोचेपर्यंत बिघडलेला असतो असं हल्ली दोनतीनदा ऐकलं आणि बोलणी आम्ही खाल्ली.

सायरन_बंद

ताई, बऱ्याचदा तो गाडीत बिघडतच नाही. बेडवरून स्ट्रेचरवर आणि स्ट्रेचरवरून बेडवर घेताना बिघडतो.

तुमच्या व्हेंटिलेटरवरून आमच्यावर घेताना नळी क्षणभर सुटते. पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) १२ वर कशीबशी उघडी ठेवलेली फुप्फुसं त्या क्षणात मिटतात आणि पुन्हा उघडायला अर्धा तास घेतात. म्हणून श्वास आत असताना ट्यूबला क्लॅम्प लावायचा, मग नळी बदलायची, मग क्लॅम्प काढायचा. पेशंट औषधांनी पूर्ण झोपलेला असेल तरच, नाहीतर तो बंद ट्यूबवर जोर लावतो. आणि मी गाडीकडे निघायच्या आधी तुमच्याच खोलीत दहापंधरा मिनिटं आमच्या व्हेंटिलेटरवर बघतो. यावर नेहमी कुणीतरी कुरकुरतं की उशीर करतोय. करू देत.

नॉरॲड्रिनॅलिन हे बीपी टिकवणारं औषध रक्तात दोनतीन मिनिटंच टिकतं. सिरिंज संपल्यावर नवी भरायला घेतलीत की बीपी खाली बसलंच. दुसरी सिरिंज दुसऱ्या पंपावर आधीच चालू करून मग पहिली थांबवायची. पंप पेशंटच्या पातळीला ठेवायचा. उचलून वरच्या हुकला लावलात तर एकदम जास्तीचं औषध आत जातं, खाली पायाशी ठेवलात तर थोडा वेळ काहीच जात नाही. इतकी साधी गोष्ट, पण लिफ्टमध्ये बीपी २०० का झालं याचं उत्तर अनेकदा हेच असतं.

गाडीत स्टेथोस्कोप निरुपयोगी, अलार्म ऐकू येत नाहीत, खड्ड्यांमुळे कफचं बीपी वाट्टेल ते दाखवतं. म्हणून मला आर्टेरियल लाईन (धमनीतून सतत बीपी दाखवणारी नळी) हवी असते, आणि नजर मॉनिटरवरून हलवत नाही. ड्रायव्हरसुद्धा उपचारातला भाग. पेशंटचं डोकं पुढच्या बाजूला असतं, करकचून ब्रेक दाबला की रक्त डोक्याकडे जातं आणि मेंदूतला दाब वाढतो. जोरात वेग घेतला की पायांकडे जातं आणि बीपी पडतं. मेंदूचा पेशंट असला की मी ड्रायव्हरला सांगतो, उशीर झाला तरी चालेल, ब्रेक लावल्याचं मला कळता कामा नये.

ऑक्सिजनचं गणित निघायच्या आधी कागदावर करायचं. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये गुणिले आतला दाब बारमध्ये. २ लिटरचा छोटा सिलिंडर १५० बारवर म्हणजे ३०० लिटर. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर अर्धा तास, संपलं. "भरलेला आहे" हे उत्तर मी स्वीकारत नाही, काटा बघतो. काही व्हेंटिलेटर स्वतः चालण्यासाठीही ऑक्सिजन खातात, ते वेगळं धरायचं. जेवढा प्रवास अपेक्षित आहे त्याच्या दुप्पट बरोबर घ्यायचा. आणि काहीही झालं तरी अंबू बॅग स्ट्रेचरवर पेशंटच्या डोक्याशी, बॅगेच्या तळाशी नको.

तुमच्याकडून फक्त दोन गोष्टी हव्यात. निघायच्या तासभर आधीपासून औषधांचे डोस बदलू नका, म्हणजे तो खरंच स्थिर आहे का ते मला कळेल. आणि प्रत्येक लाईन कुठे जाते याची पट्टी दोन्ही टोकांना लावा. अंधारात सहा सारख्या नळ्यांमधून नॉरॲड्रिनॅलिनची नळी शोधून त्यातच चुकून दुसरं इंजेक्शन मारणं फार सोपं असतं.

पंप_अलार्म

पट्ट्या एकाच टोकाला लावतो आम्ही. आजच बदलते. पंपाच्या उंचीचं तर कुणी सांगितलंच नव्हतं. बॅटरीचं काय करता? आमचे पंप चार्जरवरून काढले की वीस मिनिटांत ओरडायला लागतात.

सायरन_बंद

मग ते पंप शिफ्टिंगला देऊच नका, बायोमेडिकलवाल्यांकडे पाठवा. मी माझे पंप आणतो आणि तुमच्या खोलीतच औषध त्यांच्यावर घेतो. गाडीत चढल्यावर पहिलं काम म्हणजे सगळे प्लग गाडीच्या इन्व्हर्टरवर लावायचे आणि इन्व्हर्टर चालू आहे का ते दिवा बघून खात्री करायची. बऱ्याच वेळा प्लग लावलेला असतो, बटण बंद असतं.